दोन ठोके कोण देणार

मामा,

तुम्हाला घेऊन आम्ही स्मशानाच्या फाटकाशी पोचलो आणि बँड थांबलाच नाही.

गफूर मास्टर क्लॅरिनेट वाजवत फाटकावरून सरळ पुढं गेले. त्यांच्यामागं ट्रम्पेटवाले, त्यांच्यामागं शंकर, पोटावर तुमचा मोठा ढोल बांधलेला. आम्ही खांदेकरी फाटकाशी उभे, खांद्यावर तुम्ही, आणि तुमचा बँड रस्त्यानं पन्नास पावलं पुढं. धून संपली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी हाक मारली, पण पितळी वाद्यांपुढं माणसाचा आवाज किती जाणार. त्या बँडला थांबवणारा माणूस इतकी वर्षं एकच होता, आणि तो आमच्या खांद्यावर होता.

दुसऱ्या कुणाच्या मयतीत हे घडलं असतं तर घरी येऊन तुम्ही मामींना साभिनय सांगितलं असतं, आणि स्वतःच हसून हसून खोकला असता.

आज सोळावा दिवस. तेराव्याला आलेले पाव्हणे गेले. मामी पुढच्या खोलीत तांदूळ निवडतायत आणि मी तुमच्या खुर्चीत बसून लिहितोय. तुमची नोकरी, तुमचा हुद्दा, तुम्ही गेलात ती तारीख हे सगळं पेपरात द्यायच्या चार ओळींत बसलं. बाकीचं बसलं नाही. "भाचेबुवा, तुझी एक वळ व्हईस्तोवर माझी आंघूळ व्हती," असं तुम्ही म्हणायचा. मी अजून तसाच सावकाश लिहितो. फक्त सोमवारच्या आत हे पुरं झालं पाहिजे. सोमवारी छावणीत फौजेच्या बँडसाठी वादकांची चाचणी आहे. आपलं भांडण त्याच्यावरच होतं, आणि ते अर्धं राहिलंय.

पिशोरहून कॉलेजसाठी मी तुमच्या गारखेड्याच्या घरी राहायला आलो तेव्हा तुम्ही माझ्यासाठी फौजेतून हवालदार होऊन आलेले मामा होता. आईच्या माहेरी, आमच्या घरी, सगळीकडं तेवढंच माहीत होतं. आता कारखान्याच्या फाटकावर पहारेकरी, हेही माहीत होतं. जेवताना तुम्ही ताटाच्या कडेवर बोटं वाजवायचा, मामी न बोलता ताट थोडं सरकवायच्या, आणि तुमची बोटं पाटावर वाजत राहायची. मला वाटायचं, काही माणसांना सवय असते.

मग एका दुपारी गुलमंडीवर लग्नाची वरात आडवी आली. लाल कोट, सोनेरी झालर, टोपीवर तुरा, आणि पोटावर जवळजवळ तुमच्याएवढा ढोल. मी पुस्तकं छातीशी धरून उभा. तुम्ही मला बघितलंत आणि तुमचा ठोका तसूभर हलला नाही. संध्याकाळी घरी आलात, पाय धुतले, चहा घेतला. मग म्हणालात, "पायलास?"

"व्हय."

"पिशोरला सांगू नको."

एवढंच. जरा वेळानं, कपबशी मोरीत ठेवून येताना म्हणालात, "शिकायचं असलं तर बोल."

तेव्हा मला कळलं की फौजेत वीस वर्षं तुम्ही बंदूक कमी आणि ढोल जास्त वाजवला होता. पलटणीच्या बँडमधले ढोलवाले होता तुम्ही. लग्नसराईत गफूर मास्टरांच्या बँडमध्ये जायचा, तेही कारखान्याच्या सुट्ट्या जुळवून. आणि मास्टरांनी कन्नड-पिशोरकडच्या लग्नाची सुपारी घेतली की तुमची पाठ हमखास धरायची. आमच्या पिशोरात वाजवणारी घरं वेगळी आणि वाजवून घेणारी घरं वेगळी. आपण वाजवून घेणाऱ्यांतले. माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या तोंडचं वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय, लग्नात कुणा पाव्हण्याच्या पोरानं हौसेनं ताशा हातात घेतला तरी ते म्हणायचे, "ठेव खाली. आपल्याकडं तेवढी माणसं हायेत."

तुमची शिकवायची रीत मी कुणाला सांगितली तर विश्वास बसणार नाही. फौजेत सगळं कागदावर वाचून वाजवतात, कानानं नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. संगीत वाचता येतं! मग तुम्ही दुकानातून शाळेच्या पोरांची इंग्रजीची चार रेघी वही आणलीत आणि पट्टीनं प्रत्येक चार रेघांखाली पाचवी रेघ मारायला बसवलंत. सुरांना पाच रेघा लागतात. त्या वहीच्या रेघा सारख्या अंतरावर नसायच्या, त्यामुळं मधल्या दोन रेघांतला सूर मी कायम चुकायचो. तुम्ही म्हणायचा, "माझ्या ढोलाला एकच रेघ पुरती, तरी मी समद्या शिकलो. तुला तर क्लॅरनेट वाजवायचंय." क्लॅरिनेट मास्टरांनी दिलं, जुनं, एका चावीला रबर बांधलेलं. बोटं त्यांनी शिकवली. मी वही समोर ठेवून वाजवायला लागलो की ते बँडवाल्यांना सांगायचे, "देखो मियाँ, प्रोफेसर किताब पढके बजाता. पन्ना उडा तो दुल्हा वहींच खडा रहता."

आणि एकदा तसंच झालं होतं. वारा आला, वही उडाली, मी गप्प. मास्टर हसले. तुम्ही हसला नाहीत. ढोलावर दोन मोठे ठोके दिलेत, बँड नीट शेवटापर्यंत गेला आणि एकदम थांबला. त्या दिवशी घरी मला त्या दोन ठोक्यांचा अर्थ सांगितलात. फौजेचा बँड थांबवायचा तर हात वर करायचा नाही, ओरडायचं नाही. ढोलवाल्यानं ठरल्या जागी दोन जोडठोके द्यायचे. मग प्रत्येकानं आपापलं वाक्य पुरं करायचं आणि सगळ्यांनी एका पावलावर थांबायचं. "सूर मधी तोडायचा नाय," तुम्ही म्हणालात. "वाक्य पुरं करायचं." मी आजवर वाचलेल्या कुठल्या पुस्तकानं मला संगीताबद्दल एवढं सांगितलं नाही.

तुम्ही मास्टरांच्या बँडला तीच शिस्त लावली. आधी ते धून मनाला येईल तिथं सोडायचे. तुम्ही आल्यावर त्यांना इतकी सवय झाली की तुमच्या ठोक्यांशिवाय थांबणंच विसरले. तुम्हाला त्याचा अभिमान होता. त्याच शिस्तीनं त्या दिवशी तुमचा बँड तुम्हाला मागं टाकून निघाला होता.

चाचणीची बातमी मास्टरांनीच आणली. छावणीतल्या कुणाकडून तरी कळली. त्यांचे वडील निजामाच्या फौजेच्या बँडमध्ये होते, पोलीस ॲक्शननंतर तो बँड मोडला आणि वडील लग्नात वाजवायला लागले. त्यामुळं फौजेचा बँड म्हटलं की मास्टरांचा चेहरा वेगळा होतो. "हवालदारसाब, बच्चा पढके बजाता. फौज को ऐसाच आदमी होना," ते म्हणाले. मला वाटलं तुम्ही खूश व्हाल. तुम्ही ढोलाचा पट्टा बघत बसलात.

मग दीड महिना आपण भांडत होतो. तुम्ही म्हणायचा, बी.ए. झालास, बी.एड. कर, अण्णांनी शाळेत शब्द टाकलाय, मास्तर हो. मी म्हणायचो, मला वाजवायचंय आणि वाचायचंय, दोन्ही एकत्र मिळतं अशी मला माहीत असलेली ही एकच नोकरी आहे. तुम्ही म्हणायचा, पहाटे उठावं लागतं. मी म्हणायचो, उठेन. तुम्ही म्हणायचा, परेड. मी म्हणायचो, करेन. तुमच्याकडं आणखी काहीतरी आहे आणि तुम्ही ते बाजूला ठेवताय, हे मला दिसत होतं. एका रविवारी अंगणात तुम्ही ते सांगितलंत. मी ते जसंच्या तसं लिहून ठेवतो, कारण तुम्ही ते दुसऱ्या कुणाला सांगितल्याचं मला माहीत नाही.

"लढाई लागली की वाद्यं पेटीत जात्यात," तुम्ही म्हणालात. "कुलूप. मग बँडवाल्याच्या हातात स्ट्रेचर. जखमी झालेली माणसं आनायची. माझे खांदे रुंद, म्हनून मला कायम डोक्याकडची बाजू. डोक्याकडच्याला तोंड दिसतं."

मी विचारलं, "बोलायची का ती माणसं?"

"काय जण लई बोलायचे. एक जण माझी पावलं मोजत हुता. मोठ्यानं. चारशेच्या फुडं गेला आन् मग गप झाला." तुम्ही तंबाखू चोळत होता, ती तशीच हातात राहिली. "गप झाला तरी चाल बदलायची नाय. पोचवायचं." मग माझ्याकडं बघून म्हणालात, "तुझ्यानं उचलनं व्हनार नाय. पुस्तकात कोन मेलं तरी तू जेवत नाय."

मी म्हणालो, "कुणाच्यानं होतं, मामा?"

तुम्ही हातातली तंबाखू झटकून टाकलीत. मला तेव्हा वाटलं, मी जिंकलो. आता वाटतं, त्या प्रश्नावर तुम्ही पुष्कळ वर्षं काढली होती, आणि मी तो तुमच्यावर टाकून मोकळा झालो.

शेवटचं भांडण करमाडच्या लग्नाहून येताना टेंपोत झालं. माझ्या खिशात चाचणीचा अर्ज होता. त्यात एक रकाना होता, फौजेत कुणी नातेवाईक असल्यास त्याचं नाव, हुद्दा आणि काम. मी तो तुम्हाला दाखवला. तुम्ही दूर धरून वाचलात. "नाव लिही. हवालदार लिही. कामाच्या जागी रेघ मार."

"रेघ कशाला?"

"कागद फिरत्यात. पिशोरला जाईल कुनाच्या तरी तोंडून."

मामा, दमलेलो होतो, लाल कोट अंगाला चिकटला होता, हे सगळं खरं. पण मी जे बोललो ते दमल्यामुळं नव्हे. मनात होतं तेच बोललो. म्हणालो, "वीस वर्षं वाजवलंत आणि वर रेघ मारायची? लाज तुमची आहे. ती मला कशाला देता?"

शंकर, मास्टर, सगळ्यांनी ऐकलं. कुणी वर बघितलं नाही.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "लाज न्हवती ती. मी लपवलं ते..." तेवढ्यात गारखेड्याचं वळण आलं, टेंपो थांबला. शंकर ढोल उतरवत होता आणि तो जमिनीला टेकणार असं दिसताच तुम्ही खाली उडी घेतलीत. ढोल कधी जमिनीला टेकवायचा नाही, ही तुमची दुसरी शिस्त. मी थांबलो नाही. दुसऱ्या बाजूनं उतरून चालत सुटलो.

घरी जेवताना तुम्ही बोटं वाजवली नाहीत. मी पटकन उरकून उठलो. दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात ढोलाचे पट्टे आवळत बसलेले असताना तुम्ही एका कुशीवर कललात. मामींना वाटलं डोळा लागला. मी लायब्ररीत होतो. यावेळी खरंच लायब्ररीत. कारण मामा, मी तुम्हाला लाजेवरून बोललो, पण अण्णांना दर रविवारी मी लायब्ररीत असतो असंच सांगितलेलं होतं. दोन वर्षं. तुमचं लपवणं मला दिसलं, माझं दिसलं नाही. ही गोष्ट मी तुमच्यासमोर कबूल करायला हवी होती. आता कागदावर करतो.

मास्टरांना कुणी बोलावलं नव्हतं. तिरडी बांधत असताना ते गल्लीच्या तोंडाशी उभे राहिले, अख्खा बँड मागं, सगळे लाल कोटात. कोट धुवायला वेळ मिळाला नव्हता, करमाडची धूळ तशीच होती. पिशोरची मंडळी ओट्यावर बसलेली. अण्णांनी विचारलं, "हे कुनी सांगितलं?" आणि मामी, ज्या अण्णांपुढं कधी डोईवरचा पदर ढळू देत नाहीत, त्या आतून म्हणाल्या, "सांगायला कशाला पायजे. त्यांची मानसं हायेत ती."

मास्टरांनी तुम्ही बसवलेली ती धीम्या चालीची धून धरली, जी लग्नात कधी वाजवता आली नाही. मी डाव्या बाजूला, डोक्याकडं होतो. ती जागा मी मागून घेतली. तोंड दिसतं, हे मला माहीत होतं. गारखेड्यापासून मी पावलं मोजत गेलो आणि चारशेच्या पुढंही मोजत गेलो. चाल बदलली नाही, मामा. एवढं मला तुम्हाला सांगायचं होतं.

आणि मग ते फाटक. धून तिसऱ्यांदा सुरू झाली तेव्हा मी माझी बाजू आतेभावाकडं दिली आणि धावलो. शंकर रडत वाजवत होता. त्याच्या हातातलं टिपरू घेतलं, धुनेची ती जागा येईपर्यंत थांबलो, आणि दोन ठोके दिले. मास्टरांनी मागं बघितलंसुद्धा नाही. सगळ्यांनी आपापलं वाक्य पुरं केलं आणि सगळे एका पावलावर थांबले. मी वळलो तर फाटकाशी अण्णा उभे. त्यांनी सगळं बघितलं होतं. मी नवखा नव्हतो, हे त्यांना त्या दोन ठोक्यांवरून कळलंच असणार. ते परत खांद्याकडं गेले.

मामींशी मी नंतर बोललो. तुमचं अर्धं वाक्य त्यांना सांगितलं, त्यांना पुढचं ठाऊक असेल म्हणून. त्या म्हणाल्या, "फौजेतल्या ढोलाचं मला कदी बोलले नाय. माझ्या बापानं वाजवनाऱ्याला पोरगी दिली नसती, म्हनून लग्नाआधी बोलले नसतील. पन मला पयल्या आठवड्यात कळलं व्हतं. ताटावर असं कोन वाजवतं?" मग तांदळातला खडा काढून म्हणाल्या, "मी बी बोलले नाय. त्यांना वाटायचं मला म्हाईत नाय. त्यांचं समाधान."

तर तुमचं वाक्य कुणालाच पुरं करता येत नाही. लाज नव्हती, मग काय होतं? मामींना गमवायची भीती असेल. कदाचित स्ट्रेचरवरच्या माणसांबद्दल बोलावं लागू नये म्हणून ढोलाबद्दलही बोलला नसाल. मी दोन्ही लिहून बघितली. दोन्ही माझी वाक्यं झाली, तुमची नव्हेत. ते तिथंच राहू दे.

शंकर गेल्या आठवड्यात ढोल घेऊन आला. म्हणाला, "दादा, थांबवायचं कसं ते दाखव. नायतर लोक आमाला गावाभाईर घेऊन जातील." तुमच्या अंगणात त्याला तीन दिवस शिकवलं. त्याला जागा सापडायची नाही, कारण तो वाचत नाही. मग मी चार रेघी वही आणली. पट्टी घेऊन त्याच्याकडून पाचवी रेघ मारून घेतली. काल त्यानं दोन ठोके बरोबर दिले आणि ढोल उचलूनच धरला, टेकवला नाही.

अण्णा कालपर्यंत इथं होते. काल सकाळी पिशोरची गाडी पकडायच्या आधी त्यांनी टेबलावरचा अर्ज उचलला. चष्मा लावून उभ्याउभ्या वाचला. मी दारात.

"जानार हायस तर."

"व्हय, अण्णा."

"आन् शाळेचं?"

"नाही म्हणून कळवा. मी स्वतः येऊन सांगतो हवं तर."

त्यांचं बोट खाली सरकत त्या रकान्यावर आलं. तुमचं नाव. नातं, मामा. हुद्दा, हवालदार. काम, वादक, मोठा ढोल. "हवालदार लिवलंय ना वर," ते म्हणाले. "मग ढोल कशाला?"

"तेच काम होतं त्यांचं."

मला वाटलं, आता म्हणतील, ठेव खाली. त्यांनी चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. अर्ज टेबलावर ठेवला आणि त्याची दुमडलेली कड हातानं सारखी केली.

"मंग नीट अक्षरात लिही," ते म्हणाले. "वाचनाऱ्याला कळलं पायजे."

ते गेल्यावर मी त्या तीन शब्दांवरून पुन्हा पेन फिरवला, मामा. सावकाश. सोमवारी तो कागद माझ्या हातात असेल, आणि पहिल्याच माणसाला तो लांबूनही वाचता येईल.